विज्ञानाचा अभ्यासक्रम आणि शासनाचे धोरण
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



शासनाचे शैक्षणिक धोरण म्हटले की आपणांपैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर नवे पाठ्यपुस्तक उभे राहते. परंतु केवळ पुस्तक बदलल्याने विज्ञानाचे अध्यापन बदलत नाही. शालेय शिक्षणाच्या पहिल्या दहा वर्षांत विज्ञान सर्वांस अनिवार्य असावे, अशी शिफारस डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९६६ साली केली. पुढे विषय अनिवार्य झाला. तथापि बी कसे रुजते हे पुष्कळ वर्गांत फळ्यावरील आकृतीवरूनच शिकविले जात राहिले.

मग धोरणाने बदलावे तरी काय? याचे उत्तर मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सापडते. १९७२ साली दोन स्वयंसेवी संस्थांनी तेथील १६ शाळांत सहावी ते आठवीच्या मुलांस प्रयोगांतून विज्ञान शिकविण्यास प्रारंभ केला. राज्य शासनाने त्यास अनुमती दिली, आणि १९७८ साली हा कार्यक्रम संपूर्ण जिल्ह्यात लागू केला. प्रयोगाचे साहित्य साधे होते. फुलाचे भाग सुटे करावयास बाभळीचा काटाही चाले. सायकलच्या व्हॉल्वची नळी व आगकाड्या यांपासून आकृत्या करण्याची श्री. अरविंद गुप्ता यांची युक्ती, जी आज आपल्याही शाळांत दिसते, ती तेथलीच.

परंतु माझ्या मते खरा पालट घडविला तो परीक्षेने. तेथे मुले पुस्तक जवळ ठेवून उत्तरे लिहीत, आणि प्रयोगाची परीक्षा निराळी होई. पुस्तक उघडे असता व्याख्या विचारण्यात अर्थ उरत नाही. प्रश्न काढणाऱ्यासच प्रथम विचार करावा लागतो. (आम्हां परीक्षकांस हे किती जड जाते, ते सांगावयास नको.) असा बदल कोणी शिक्षक वा संस्था स्वतःच्या अधिकारात करू शकत नाही. तो शासनच करू शकते, आणि धोरणाचे खरे कार्य मला येथे दिसते. याच्या जोडीला शिक्षकांच्या मासिक बैठका होत, व त्यांत वर्गात आलेल्या अडचणींचीच चर्चा चाले.

हा कार्यक्रम पुढे अनेक जिल्ह्यांत पसरला, आणि २००२ साली शासनाच्याच आदेशाने बंद झाला. तीस वर्षांचे काम एका आदेशाने थांबले. ज्या हाताने दार उघडले त्यानेच ते लावले, एवढे म्हणून मी पुढे जातो. मात्र प्रयोग करून शिकविण्याची ज्यांस सवय जडली, त्यांच्या हातांतील कसब आदेशाने काढून घेता येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्यावर भर दिला आहे. आपली ही मासिक परिषद त्यासाठीच उपयोगी पडावयास हवी. प्रत्यक्षात तिचा बराच वेळ परिपत्रके वाचण्यात व माहितीचे तक्ते भरण्यात जातो. त्यांतील काही तक्ते माझ्याच कार्यालयातून येतात, हे मी जाणतो.

यास्तव पुढील परिषदेचा पहिला तास विज्ञानासाठी राखून ठेवण्याचे केंद्रप्रमुखांनी मान्य केले आहे. येताना प्रत्येकाने वर्गात न जमलेला एक प्रयोग साहित्यासह आणावा, आणि मुलांनी विचारलेला, परंतु आपणांस उत्तर न सुचलेला एक प्रश्न लिहून आणावा. तक्ते त्या दिवशी दुपारनंतर घेऊ.