मोझेस वॉकर : बेसबॉलचा एक उपेक्षित खेळाडू

बेसबॉल या अमेरिकन खेळांत चेंडू मारणाऱ्याच्या मागें उभें राहून तो झेलणें हें फार कष्टाचें काम. १८८० नंतरच्या दशकांत तर त्यासाठीं जाड हातमोजेही नसत. मोझेस फ्लीटवुड वॉकर यानें याच कामांत लौकिक मिळविला. १८५६ सालीं ओहायोमध्यें जन्मलेला, महाविद्यालयांत शिकलेला हा कृष्णवर्णी तरुण १८८३ मध्यें टोलेडोच्या संघांत पगारी खेळाडू झाला.

त्याच वर्षीं ऑगस्टांत शिकागोचा संघ टोलेडोस आला. वॉकर मैदानावर असल्यास आपण खेळणार नाहीं, असें त्या संघाचा कर्णधार कॅप ॲन्सन यानें बजावलें. जखमी वॉकर त्या दिवशीं विश्रांति घेणारच होता. परंतु टोलेडोच्या व्यवस्थापकानें मुद्दाम त्यालाच उतरविलें. तिकिटांचें उत्पन्न बुडेल, या भीतीनें ॲन्सनचा हट्ट विरला.

१८८४ मध्यें टोलेडोचा संघ अव्वल दर्जाच्या स्पर्धेंत गेला. तेथें वॉकर ४२ सामने खेळला. झेलणाऱ्याच्या खुणेप्रमाणें चेंडू टाकावयाचा, ही रीत. टोनी मुलेन या गोऱ्या गोलंदाजानें वर्णद्वेषापायीं त्या खुणा मानल्या नाहींत. तरी वॉकर येईल तो चेंडू झेलीत राहिला. त्याच्याएवढा उत्तम झेलणारा आपणांस लाभला नाहीं, हें पुढें मुलेननेंच मान्य केलें.

गुणांची कबुली मिळाली. न्याय मात्र मिळाला नाहीं. १४ जुलै १८८७ रोजीं इंटरनॅशनल लीगनें कृष्णवर्णीयांशीं नवे करार न करण्याचें ठरविलें. वॉकर १८८९ पर्यंत खेळला व १९२४ मध्यें वारला. अव्वल संघाचें दार जॅकी रॉबिन्सनसाठीं उघडलें तें १९४७ मध्यें. वॉकरच्या त्या ४२ सामन्यांना तोंवर ६३ वर्षें लोटलीं होतीं.