भाड्याची होडी आणि कंपनीचा ताळेबंद

वर्सोव्याहून तरीनें खाडी ओलांडून मढच्या किनाऱ्यास लागलें म्हणजे नांगरलेल्या मच्छिमार होड्यांची रांग दृष्टीस पडते. त्यांपैकीं मालकीची कोणती व भाड्याची कोणती, हें पाहणाऱ्यास कळत नाहीं. समुद्रावर दोघींचें काम एकच. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबांत मात्र २०१९ पर्यंत या दोहोंत जमीनअस्मानाचें अंतर असे. मालकीची होडी मालमत्तेंत दिसे, तिच्यासाठीं काढलेलें कर्ज देण्यांत दिसे. साध्या भाडेकरारानें घेतलेल्या होडीचा ताळेबंदांत मागमूस नसे. पांच वर्षें भाडें देण्याचें वचन कागदावर बांधलेलें असूनही तें देणें म्हणून लिहिलें जात नसे.

विमान-कंपन्यांचेंही तेंच. आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाचे माजी अध्यक्ष सर डेव्हिड ट्वीडी थट्टेनें म्हणत कीं, जें विमान खरोखर कंपनीच्या ताळेबंदांत आहे, अशा विमानांतून मरणापूर्वीं एकदां तरी प्रवास घडावा! त्या मंडळानें जानेवारी २०१६ मध्यें नवा नियम काढला. भारतांत तो 'भारतीय लेखा मानक ११६' या नांवानें १ एप्रिल २०१९ पासून लागू झाला.

समजा, एका मोठ्या मासळी कंपनीनें मढला एक होडी पांच वर्षांसाठीं घेतली. भाडें दर वर्षअखेर १ लक्ष रुपये. व्याज शेंकडा १० धरल्यास या पांच लक्षांची आजची किंमत सुमारें ३,७९,००० रुपये होते. तेवढी रक्कम एकीकडे होडी वापरण्याचा हक्क म्हणून मालमत्तेंत व दुसरीकडे देण्यांत लिहावी लागते. खर्चांतून 'भाडें' हा शब्दच जातो. त्याच्या जागीं सुमारें ७५,८०० रुपये घसारा व पहिल्या वर्षाचें ३७,९०० रुपये व्याज येतें. रोख दिली एक लक्ष, खर्च दिसला १,१३,७००! पांचव्या वर्षीं तोच खर्च सुमारें ८४,९०० वर उतरतो. पांच वर्षांची बेरीज मात्र तीच पांच लक्ष.

खरी गंमत पुढेंच आहे. व्याज, घसारा व कर वजा करण्यापूर्वींचा नफा अनेक कंपन्या ठळकपणें मांडतात. तो पहिल्याच वर्षीं एक लक्षानें वाढतो, आणि जाळ्यांत एकही मासा अधिक आलेला नसतो. २०१८-१९ च्या आंकड्याशेजारीं २०१९-२० चा आंकडा ठेवून भरभराट मोजणारा भागधारक येथें फसतो. तसेंच देणें वाढलेलें पाहून, कंपनीनें नवें कर्ज काढलें असें समजून घाईनें शेअर विकणाराही फसतो. दोघांचाही खुलासा अहवालाच्या मागील पानांवरील बारीक टिपांत असतो, आणि तीं पानें बहुधा कोणी उघडीत नाहीं.

बारा महिने वा त्याहून अल्प मुदतीच्या करारास कंपनी सूट घेऊं शकते. जून-जुलैंत महाराष्ट्रांत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हां एका हंगामापुरती, दहा महिन्यांच्या करारानें घेतलेली होडी पूर्वीसारखीच ताळेबंदाबाहेर राहूं शकते. पण मुदत वाढविण्याचा हक्क करारांत असून तो बजावला जाणार हें जवळजवळ निश्चित असेल, तर ती वाढही मुदतींत धरावी लागते. आणि अखेरीस होडी विकत घेण्याची मुभा लिहिली असेल, तर सूट मुळींच मिळत नाहीं.