गाजलेल्या गाण्यांची तबकडी

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यांत कडा हें गांव आहे. नगरहून आष्टीला जाणारी आगगाडी २३ सप्टेंबर २०२२ रोजीं सुरू झाली, तिच्या वाटेवर कड्याचें स्टेशन लागतें. अशा गांवच्या रसिकाला सातासमुद्रांपलीकडील एखाद्या वाद्यवृंदाची ओळख व्हावयाची, तर ती त्याच्या साऱ्या तबकड्या क्रमवार ऐकून क्वचितच होते. पूर्वीं मुंबईपुण्याहून कोणी एखादी तबकडी आणावी; आतां खिशांतल्या फोनवर हवें तें गाणें ऐकतां येतें; पण दोन्ही वेळीं आधीं हातीं लागतो तो बहुधा गाजलेल्या गाण्यांचा संग्रहच. तेव्हां अशा संग्रहाची पारख करतांना विचारावयाचें तें एवढेंच, कीं ज्याच्या कानीं याखेरीज दुसरें कांहीं पडणार नाहीं, त्याला त्या वाद्यवृंदाचें खरें रूप यांतून कळेल काय?

‘ब्लड, स्वेट अँड टियर्स’ म्हणजे ‘रक्त, घाम आणि अश्रू’ असें नांव घेतलेल्या अमेरिकन वाद्यवृंदाचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ हा १९७२ सालचा संग्रह या कसोटीला लावून पाहण्याजोगा आहे. हा वृंद १९६७ मध्यें न्यूयॉर्क शहरीं उभा राहिला. रॉक संगीताचा जोर गिटार, ढोल आणि गायकाचा खडा आवाज यांवर; जॅझचा प्राण वादकाच्या आयत्या वेळच्या उपजेंत. या मंडळींनीं दोहोंचा संसार एकत्र मांडला. ट्रंपेट, ट्रॉम्बोन व सॅक्सोफोन हीं वाद्यें गायकाच्या मागें नुसती रंगत भरण्यापुरतीं न ठेवतां त्यांना बरोबरीची जागा दिली.

ट्रंपेटचा नाद आपल्याकडे मुळींच परका नाहीं. वरातीच्या बँडानें तो खेड्यापाड्यांत नेला आहे. कड्याच्या शेजारच्या नगर जिल्ह्यांत पुणतांबें येथें जन्मलेले सी. रामचंद्र यांनीं चिक चॉकलेट या गोमंतकीय ट्रंपेटवादकास हाताशीं धरून १९५१ च्या ‘अलबेला’ बोलपटांत याच पितळी नादावर साऱ्या देशाला डोलावयास लावलें. म्हणून वाद्यें ओळखीचीं आहेत. नवीन आहे तें त्यांना मिळालेलें स्वातंत्र्य. आणि तेंच स्वातंत्र्य या संग्रहांत कितपत उरलें आहे, हा प्रश्न आहे.

वृंदाची पहिली तबकडी १९६८ ची. तिचा सूत्रधार व मुख्य गायक अल कूपर हा लवकरच बाहेर पडला आणि त्याच्या जागीं डेव्हिड क्लेटन-थॉमस हा भरदार गळ्याचा कॅनेडियन गायक आला. १९६८ च्या अखेरीस निघालेल्या दुसऱ्या तबकडीनें कीर्तीचा कळस गांठला. तिच्यांतील तीन गाणीं १९६९ मध्यें एकामागून एक अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादींत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलीं. पहिला क्रमांक मात्र तिघांनाही हुलकावणी देऊन गेला. १९७० चा वर्षांतील सर्वोत्तम तबकडीचा ग्रॅमी पुरस्कारही तिनेंच पटकावला, आणि तोही बीटल्स मंडळींच्या ‘ॲबी रोड’ला मागें सारून! १९७० व १९७१ मध्यें आणखी दोन तबकड्या निघाल्या. या चारींतून अकरा गाणीं वेंचून १९७२ चा संग्रह सिद्ध झाला: दुसरींतून पांच, बाकीच्या तिहींतून दोन दोन. अकरांपैकीं सात गाजलेलीं, चार मूळ तबकड्यांतच राहिलेलीं.

हें प्रमाण वाईट नाहीं. नुसत्या खपाकडेच ज्याचें लक्ष असतें, त्यानें ‘समटाइम्स इन विंटर’सारखें हळुवार, गिटारवादक स्टीव्ह कॅट्झ यानें गाइलेलें गीत घेतलें नसतें. कूपरच्या वेळचीं दोन गाणीं घेऊन मूळ पुरुषाचा मानही राखला आहे. दोष मात्र मांडणींत आहे. पहिलें गाणें दुसऱ्या तबकडीचें, दुसरें पहिल्या तबकडीचें, तिसरें एकदम १९७१ चें, तर चौथें १९७० चें. एका गाण्यांत एक गळा, पुढच्यांत दुसराच. नवख्या श्रोत्याला हा वृंद वाढला कसा, बदलला कोठें, याचा थांग लागत नाहीं.

याहून गंभीर गोष्ट कात्रीची. गाजलेलीं गाणीं मूळ संग्रहांत मोठ्या तबकडीवरील पूर्ण रूपांत घेतलेलीं नसून, नभोवाणीवर वाजविण्यासाठीं व लहान तबकडीवर बसविण्यासाठीं जीं छाटलीं होतीं, त्याच रूपांत घेतलीं आहेत. ‘स्पिनिंग व्हील’ हें मुळांत चार मिनिटांचें गाणें. छाटल्यावर तीन मिनिटांच्याही आंत आलें. गेलें काय? प्रामुख्यानें ल्यू सोलॉफ याचें मधलें ट्रंपेटवादन. ज्या गाण्याच्या वाद्ययोजनेबद्दल फ्रेड लिप्सियस यास ग्रॅमी पुरस्कार मिळाला, त्याच्या बाबतींत ही काटछांट झाली! पुरणपोळींतील पुरण काढून घेऊन पोळी तेवढी वाढावी, त्यांतला हा प्रकार.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे खांसाहेब अब्दुल करीम खां यांच्या तबकड्याही तीन तीन मिनिटांच्याच होत्या ना? होत्या, पण तेथें घड्याळाची मर्यादा खुद्द गायकाला ठाऊक होती. ‘जमुना के तीर’ गातांना आरंभ कोठें करावा, काय गाळावें, कोणत्या स्वरावर रेंगाळावें, हें त्या गळ्यानेंच ठरविलें, म्हणून तिथें त्रोटकपणा भासत नाहीं. संक्षेप कलावंताच्या हातून झाला तर ती एक कला होते. वादन पूर्ण झाल्यानंतर कचेरींत बसून केलेली छाटणी ही निराळी वस्तु. अर्थात् लोकांनीं १९६९ मध्यें नभोवाणीवर ऐकून डोक्यावर घेतलें तें छाटलेलेंच रूप, आणि संग्रहाचें नांव तर ‘गाजलेलीं गाणीं’. हा बचाव प्रामाणिक आहे. जुन्या श्रोत्याला आपली आठवण जशीच्या तशी परत मिळते. प्रश्न नव्याचा आहे.

वगळलेल्या गोष्टी पाहिल्या कीं हें अधिक स्पष्ट होतें. दुसऱ्या तबकडीचा आरंभ व शेवट एरिक साती या फ्रेंच रचनाकाराच्या शांत सुरावटींनीं केला आहे. त्या वादनालाही स्वतंत्र ग्रॅमी पुरस्कार मिळाला होता. तिच्यांतच ‘ब्लूज, भाग दुसरा’ ही अकरा मिनिटांहून लांब रचना आहे, जिच्यांत एकेक वादक आपापला डाव मांडतो. दोन्ही संग्रहांत नाहींत. लांब रचनेला जागा नव्हती हें समजतें. सातीच्या सुरावटी मात्र चिमुकल्या आहेत. त्यांना दार बंद कां व्हावें, याला समाधानकारक उत्तर नाहीं. पुढें संग्रह पुन्हां काढतांना दोन गाणीं वाढविलीं, तीं ‘मोअर अँड मोअर’ आणि ‘सो लाँग डिक्सी’. साती बाहेरच राहिला.

मात्र दुसऱ्या बाजूचें अखेरचें गाणें सारी भरपाई नसली तरी बरीचशी करतें. ‘गॉड ब्लेस द चाइल्ड’ हें बिली हॉलिडे या थोर जॅझगायिकेचें १९४१ मधील गीत. येथें तें जवळजवळ सहा मिनिटें चालतें. तें कधीं गाजलेल्यांच्या यादींत नव्हतें, म्हणून त्याला नभोवाणीची कात्री लागलेली नाहीं. क्लेटन-थॉमस संथपणें आरंभ करतो. मध्यें लय पालटते, गायक बाजूला सरतो, पितळी वाद्यें पुढें होतात आणि वादक आपल्या मनानें वाजवूं लागतात. कड्याच्या श्रोत्यानें वेळ थोडा असल्यास तबकडीचें हेंच टोंक आधीं ऐकावें, आणि मग ‘स्पिनिंग व्हील’ मूळ तबकडीवरून मिळवून, तें मधलें ट्रंपेट कोठें येतें याकडे कान द्यावा.