सर्व्हिस कुणी करायची?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



खेळावर चार शब्द बोलावेत असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला. मी काही व्याख्याती नव्हे. तुमच्यासारखीच पदर खोचून जाळीपाशी उभी राहणारी बाई. म्हणून एकच गोष्ट सांगते : व्हॉलीबॉलमध्ये सर्व्हिस कुणी आणि कशी करायची. ती मी एकदा चुकले, म्हणून ती मला पक्की ठाऊक आहे.

गेल्या वर्षी शेजारच्या मंडळाशी आपला सामना झाला. गुण २४-२४. सर्व्हिस एका काकूंची होती आणि त्यांचे हात कापत होते. मी कप्तान. हळूच म्हटले, "काकू, तुम्ही राहू द्या," आणि जोरकस सर्व्हिस करणाऱ्या मुलीला मागे धाडले. पंचांनी शिट्टी वाजवली. क्रम मोडला, म्हणून एक गुण आणि सर्व्हिस दोन्ही समोरच्यांना. पुढचाही गुण गेला आणि सेट हातचा गेला. त्याचे मला फार वाटले नाही. पण काकू पुढे दोन महिने मैदानावर फिरकल्या नाहीत, ते लागले.

आता नियम ऐका. मैदानात आपण सहाजणी; तिघी जाळीजवळ, तिघी मागे. समोरच्यांची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली की सहाहीजणींनी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने एक जागा सरकायचे. देवळात प्रदक्षिणा घालतो, तसेच. पुढे उजवीकडे असेल ती मागे उजवीकडे जाते आणि सर्व्हिस करते. आपली सर्व्हिस चालू असताना गुण मिळत गेले, तर कुणी हलायचे नाही. तीच बाई सर्व्हिस करत राहते. हा क्रम सेट संपेपर्यंत बदलत नाही.

सर्व्हिस मागच्या रेषेबाहेरून करावी. चेंडू मारेपर्यंत रेषेवर पाय पडता कामा नये. पंचांच्या शिट्टीनंतर आठ सेकंद मिळतात, म्हणजे श्वास घ्यायला पुरेसा वेळ आहे. चेंडू हातातून सोडून मगच एका हाताने मारावा. खालून मारला तरी चालतो. जाळीला घासून पलीकडे गेला, तर पूर्वी ती चूक धरीत. आता खेळ पुढे चालू राहतो.

मोठ्या सामन्यांत 'लिबेरो' नावाची खेळाडू वेगळ्या रंगाचा सदरा घालून मागेच खेळते. आपल्या साध्या खेळात ती नसते. म्हणजे मागच्या कोपऱ्यातली बाई आपसूक पुढे येते आणि पुढे मिरवणारीला मागे जावेच लागते.

हा खेळ १८९५ साली अमेरिकेत होल्योक गावी विल्यम मॉर्गन यांनी काढला, तोच मुळी बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या प्रौढ माणसांसाठी. तेव्हा "आता आमचे वय झाले" ही सबब इथे चालायची नाही. पुढे १९६४ साली टोकियोला व्हॉलीबॉल प्रथमच ऑलिंपिकमध्ये आले आणि बायकांचे सुवर्णपदक जपानने जिंकले. त्या संघातल्या बहुतेकजणी एका कापडगिरणीत काम करीत. कापूस आपल्या जालना जिल्ह्याला काही परका नाही!

शेवटी मी काकूंच्या घरी गेले आणि माझी चूक कबूल केली. त्यांनी चहा केला, बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "चेंडू जाळीत गेला असता तरी तो माझा गेला असता, बाई."

त्या रविवारी त्या आल्या. त्यांची पहिली सर्व्हिस जाळीत गेली. दुसरी पलीकडे पडली.

भगिनींनो, रविवारी जाळी बांधलेलीच असते. जिचा क्रम येईल, तिने सर्व्हिस करावी. बाकीच्या पाचजणींनी तिला सांभाळून घ्यावे.