आकडा उभा कसा राहतो?

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



एका बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयाला किती खर्च येतो? प्रश्न ऐकायला साधा आहे. पण रुग्णालयाच्या कोणत्याही वहीत त्याचं उत्तर लिहिलेलं नसतं. वहीत पगार असतात, औषधांची आणि विजेची बिलं असतात, धुलाईचा खर्च असतो, स्वयंपाकघराचा किराणा असतो. यातला किती भाग त्या बाळंतिणीच्या वाट्याचा, हे कुणालातरी ठरवावं लागतं. धुलाईचा खर्च कपड्यांच्या वजनावर वाटायचा, झाडलोटीचा फरशीच्या क्षेत्रफळावर, जेवणाचा ताटांच्या संख्येवर. आणि परिचारिकेच्या वेळेचं काय करायचं? मध्यरात्री ती कोणाच्या खाटेपाशी किती वेळ उभी होती, हे सहसा कुठेच लिहिलेलं नसतं. तिथे अंदाज बांधावा लागतो. एवढी ठरवाठरव झाल्यावर एक आकडा बाहेर पडतो. तो छापील अहवालात गेला की मागची ठरवाठरव कुणाला दिसत नाही, आणि अनुदान मात्र त्याच आकड्यावर ठरू लागतं.

हा आकडा जन्माला कसा येतो आणि टिकतो कसा, याचा अभ्यास लेखाशास्त्राच्या संशोधकांनी गेल्या तीन-चार दशकांत फार बारकाईने केला आहे. त्यासाठी त्यांनी एक विचारपद्धती फ्रेंच समाजशास्त्रातून उसनी घेतली. तिचं नाव ‘ॲक्टर-नेटवर्क थिअरी’. आपण तिला कर्ता-जाळ्याचा सिद्धान्त म्हणू. उसनी घेतलेल्या विचारातून स्वतःच्या विषयाचा सिद्धान्त कसा तयार होतो आणि कुठे होत नाही, हा माझा आजचा विषय आहे.

रुग्णालयापासूनच सुरुवात करू. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्प्सन यांनी रुग्णांचे निदानानुसार गट पाडण्याची एक पद्धत तयार केली. एका गटातल्या रुग्णांना साधारण सारखीच साधनसामग्री लागते, असं त्यामागचं गृहीतक. या गटांना डीआरजी म्हणतात. १९८३ पासून अमेरिकी सरकार मेडिकेअर योजनेत रुग्णालयांना या गटांनुसार आधीच ठरवलेले पैसे देऊ लागलं. पुढे ही पद्धत ऑस्ट्रेलियात गेली. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या प्राध्यापक वाय फोंग च्वा यांनी तीन सरकारी रुग्णालयांत हे नवं परिव्यय लेखांकन कसं उभं राहिलं याचा माग काढला. त्यांचा निबंध १९९५ साली प्रसिद्ध झाला.

आपली नेहमीची समजूत अशी की नवी पद्धत अधिक अचूक असते किंवा तिच्यामुळे पैसा वाचतो, म्हणून ती स्वीकारली जाते. च्वा यांना तसं दिसलं नाही. या आकड्यांनी रुग्णालयांचं भलं होईल, याची खात्री कुणालाच आधी देता येत नव्हती. तरीही आकडे उभे राहिले, कारण तज्ज्ञांनी वेगवेगळ्या लोकांच्या वेगवेगळ्या गरजा एकत्र बांधल्या. तक्ते, आलेख, संगणकावरची प्रतिमानं आणि ती पटवून देण्याचं कसब, एवढ्यांतून एक अनिश्चित विश्वास तयार झाला, आणि त्या विश्वासाने ती मोट बांधून ठेवली. हे प्रकरण ऑस्ट्रेलियात कुठवर गेलं, तर व्हिक्टोरिया राज्याने जुलै १९९३ पासून रुग्णालयांचं अनुदानच या गटांवर आधारलं. सुरुवातीच्या काळात तिथल्या खर्चाच्या प्रतिमानांत, कोणत्या गटाच्या वाट्याला किती खर्च धरायचा हे सांगणारे भार वापरले जात ते अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यातले. म्हणजे मेलबर्नच्या परिचारिकेच्या कामाचं मोल काढताना बाल्टिमोरकडच्या रुग्णालयांचे आकडे मध्यस्थी करत होते.

आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचारांची ‘पॅकेज’ आहेत आणि प्रत्येक पॅकेजला ठरलेला दर आहे. ती पद्धत म्हणजे डीआरजी नव्हे. पण एका उपचाराचा एक दर बांधायचा तर तो कशाच्या आधाराने, हा प्रश्न तिथेही तोच आहे, आणि त्याचा असा अभ्यास मराठीत व्हावा असं मला मनापासून वाटतं.

आता ही विचारपद्धती कुठून आली ते पाहू. १९८६ साली पॅरिसच्या मिशेल कालों यांनी एक निबंध लिहिला. विषय होता ब्रिटनी किनाऱ्यावरच्या साँ-ब्रिये उपसागरातले शिंपले. शिंपले कमी होत चालले होते. तीन शास्त्रज्ञांनी जपानमध्ये शिंपल्यांच्या पैदाशीची एक पद्धत पाहिली होती. त्यांनी कोळ्यांना राजी केलं, सहकाऱ्यांची मान्यता मिळवली, आणि शिंपल्यांच्या पिल्लांनी पाण्यात सोडलेल्या जाळ्यांना चिकटावं यासाठी खटपट केली. पुढे पिल्लं चिकटेनाशी झाली, आणि एका नाताळच्या आदल्या दिवशी कोळ्यांनी राखीव भागात घुसून सगळे शिंपले ओरबाडून नेले. कालों यांनी कोळी, शास्त्रज्ञ आणि शिंपले या तिघांचं वर्णन एकाच भाषेत केलं. शिंपल्यांनीही ‘सहभागी व्हायला’ हवं होतं, आणि ते झाले नाहीत. वस्तूंनाही कर्तेपण देणारी ही दृष्टी कालों, ब्रुनो लाटूर आणि जॉन लॉ यांनी घडवली.

लेखाशास्त्राने ही दृष्टी उचलली, त्यासाठीची जमीन आधीच नांगरलेली होती. अँथनी हॉपवुड यांनी १९७६ साली ‘अकाउंटिंग, ऑर्गनायझेशन्स अँड सोसायटी’ हे नियतकालिक सुरू केलं होतं. जमाखर्च जिथे प्रत्यक्ष चालतो तिथे जाऊन तो पाहा, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळात दोन मतं प्रबळ होती. एक म्हणे, हिशेब म्हणजे व्यवसायाचा आरसा. आरसा जितका स्वच्छ तितकं बरं. दुसरं म्हणे, हिशेब म्हणजे भांडवलाच्या हातातलं हत्यार. खरी गोष्ट सत्तेची, आकडे तिचा मुखवटा. दोन्ही मतांत आकड्याला स्वतःचं काही काम नव्हतं. त्याने एक तर दाखवायचं, नाहीतर झाकायचं.

कीथ रॉबसन यांनी १९९२ साली लाटूर यांची एक कल्पना हिशेबाच्या आकड्याला लावली. लाटूर यांचं आवडतं उदाहरण ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीचं आहे. १७८७ मध्ये तो साखालीनला पोचला. ते बेट आहे की द्वीपकल्प, हे त्याला कळत नव्हतं. तिथल्या एका माणसाने वाळूत नकाशा काढून दाखवला. भरतीने तो पुसला जाणार, हे पाहून दुसऱ्याने तोच वहीत काढला. वाळूतला नकाशा तिथल्या माणसाला पुरेसा होता, कारण त्याला लागेल तेव्हा तो पुन्हा काढता येत होता. ला पेरूझला मात्र तो व्हर्सायला न्यायचा होता. जे हलवता येतं, हलवताना बदलत नाही आणि दुसऱ्या नोंदींशी जोडता येतं, त्याच्या बळावर दूर बसलेला माणूस राज्य चालवू शकतो. रॉबसन यांनी दाखवलं की हिशेबाचा आकडा या तिन्ही कसोट्यांना फार चांगला उतरतो. चादर, औषध आणि परिचारिकेची रात्र एकमेकांत मिळवता येत नाहीत. त्यांचे रुपये मिळवता येतात.

इथपर्यंत सिद्धान्त पॅरिसचा आणि उदाहरण लेखाशास्त्राचं, असंच चाललं होतं. उसनवारी इथेच थांबली असती तर आज त्यावर व्याख्यान देण्याइतकं काही घडलं नसतं. पण पावलो क्वात्रोने आणि ट्रेव्हर हॉपर यांनी २००५ साली छापलेल्या अभ्यासाने वेगळीच वाट घेतली. त्यांनी दोन बहुराष्ट्रीय कंपन्या पाहिल्या, एक जपानी आणि एक अमेरिकी. दोघींनीही सगळा कारभार एकाच संगणकप्रणालीत आणणारी ईआरपी व्यवस्था बसवली होती. लाटूर यांच्या म्हणण्याप्रमाणे पाहिलं तर नोंदी दूरवरून एका केंद्राकडे येतात आणि केंद्राची पकड घट्ट होते. प्रत्यक्षात जपानी कंपनीत मुख्यालय आणि शाखा यांच्यातलं जुनं अंतर बरंचसं तसंच राहिलं. अमेरिकी कंपनीत मात्र एकाच वेळी अनेक ठिकाणांहून लोक तेच आकडे पाहू लागले, बदलू लागले, आणि नियंत्रण करणारी केंद्रं अनेक झाली. कोण कोणावर दुरून लक्ष ठेवतंय, हे सांगणंच अवघड होऊन बसलं.

इथे मला खरी सिद्धान्तनिर्मिती दिसते. दूरचा आणि जवळचा, केंद्र आणि परीघ या गोष्टी आधीच ठरलेल्या असतात आणि हिशेब त्यांना जोडतो, असं रॉबसन यांच्यापर्यंत धरून चाललेलं होतं. क्वात्रोने आणि हॉपर यांच्या शोधानंतर तसं धरता येत नाही. हिशेबाची व्यवस्थाच अंतर निर्माण करते किंवा नाहीसं करते. व्यवस्थापकीय नियंत्रणाबद्दलचं हे विधान हिशेबाच्या अभ्यासातूनच मिळालं, आणि त्याने उसन्या कल्पनेचीही दुरुस्ती केली.

फिनलंडच्या कारी लुक्का आणि एइया विन्नारी यांनी २०१४ साली याबद्दल एक उपयुक्त भेद मांडला. आपल्या विषयाबद्दल आपल्याला काय माहीत आहे, हा क्षेत्राचा सिद्धान्त. ज्या भिंगातून पाहतो, तो पद्धतीचा सिद्धान्त. संशोधकाने आपण कशात भर घालतो आहोत हे स्पष्ट सांगावं, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं. स्वतः लाटूर यांनीही १९९९ मध्ये लिहिलं होतं की समाज कशाने घडला आहे हे सांगणारा हा सिद्धान्त नाही. माणसं आपलं जग कसं उभारतात हे त्यांच्याकडूनच शिकण्याची ती एक रीत आहे.

हे विसरलं की काय होतं ते अनेक निबंधांत दिसतं. कालों यांनी शिंपल्यांच्या गोष्टीत चार टप्पे सांगितले होते: प्रश्न मांडणं, इतरांना त्यात गुंतवणं, त्यांना भूमिका देणं आणि सर्वांच्या वतीने बोलणं. मग कुठल्या कारखान्यात नवं अंदाजपत्रक आलं की त्याचे हेच चार टप्पे पाडायचे. प्रत्येक गोष्ट त्या साच्यात बसते, आणि बसते म्हणूनच तिच्यातून नवं काही कळत नाही. सिद्धान्त वाढतो तो जिथे प्रकरण साच्याला अडतं तिथे. यान मोरित्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये कंपन्यांमधलं नवनिर्माण आणि हिशेब यांचा संबंध पाहिला. कधी एकच हिशेब नवनिर्माण वाढवायचा किंवा आखडायचा. कधी दोन हिशेब एकमेकांशी भांडायचे, आणि त्या भांडणातून कंपनीने काय स्वतः करावं, काय बाहेरून घ्यावं, यावरच फेरविचार व्हायचा. हा फरक चार टप्प्यांच्या यादीत कुठेच नव्हता.

या पद्धतीवरचा एक आक्षेप मला गंभीर वाटतो. शिंपला, संगणक आणि मंत्री यांना एकाच पातळीवर ठेवलं, तर कोणाकडे बळ जास्त आणि कोणाला सोसावं लागतं, हे अंधुक होत नाही का? जाळं बांधणाऱ्यांचा माग काढता काढता संशोधक त्यांच्याच डोळ्यांनी पाहू लागतो. जाळ्यात कधी घेतलीच गेली नाही ती परिचारिका त्याला भेटतच नाही. यावर उत्तर म्हणून मी एवढंच म्हणेन की सत्ता आधीच गृहीत धरली तर तिचं कामकाज दिसत नाही, आणि ते कामकाज दिसल्याशिवाय ते बदलताही येत नाही. मात्र बाहेर राहिलेल्यांकडे जाणं हे संशोधकाचं काम आहे. पद्धत ते आपोआप करून देत नाही.

आता एक असं प्रकरण सांगतो ज्याच्याशी भारताचा थेट संबंध आहे. हरितगृह वायूंवर मर्यादा घालणाऱ्या क्योटो करारात वेगवेगळे वायू एकाच मापात मोजायचे होते. एक टन एचएफसी-२३ वायू म्हणजे ११,७०० टन कार्बन डायऑक्साइड, असा गुणक ठरला. हा वायू शीतकरणाचं एक रसायन बनवताना अनायासे तयार होतो, आणि तो जाळून टाकणं स्वस्त असतं. त्यामुळे भारतातल्या आणि चीनमधल्या काही कारखान्यांना तो नष्ट करण्याबद्दल प्रचंड प्रमाणात विकाऊ कार्बन-पत्रं मिळाली. एडिनबरोच्या डोनाल्ड मॅकेन्झी यांनी २००९ साली, हॉपवुड यांनी सुरू केलेल्या त्याच नियतकालिकात, याचा अभ्यास छापला. दोन वायू ‘सारखे’ करण्यासाठी किती शास्त्रज्ञ, समित्या, यंत्रं आणि नोंदवह्या एकत्र याव्या लागतात, हे त्यांनी उलगडून दाखवलं. हवामानबदलाचा आढावा घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीतल्या खुद्द शास्त्रज्ञांनी २००७ च्या अहवालात तो गुणक वाढवून १४,८०० केला. करार, बाजार आणि कारखान्यांचे ताळेबंद मात्र जुन्या आकड्यावर उभे होते, म्हणून कराराच्या पहिल्या टप्प्यात, २०१२ च्या अखेरपर्यंत, हिशेब ११,७०० नेच होत राहिला. युरोपीय संघाने २०१३ पासून या वायूची पत्रं आपल्या बाजारात घेणं बंद केलं, ते काही गुणक बदलला म्हणून नव्हे. तुटला होता तो त्याला धरून ठेवणारा एक धागा.