साक्षीदाराच्या पाठीशी कोण?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



घरातल्या मारहाणीची केस उभी करताना आपल्याला सर्वांत जास्त दमवतो तो साक्षीदार. शेजारणीने सगळे ऐकलेले असते, पाहिलेले असते. चहा पिताना ती आपल्याला सांगतेही. पण ‘जबाब देशील का?’ असे विचारले की उत्तर ठरलेले: ‘ताई, आम्हांला इथंच राहायचंय.’ मग आपण म्हणतो, बिचारी गरीब आहे, शिकलेली नाही, नवऱ्याच्या धाकात आहे. म्हणजे शिक्षण, पैसा, पद असते तर ती बोलली असती, असे आपण धरून चालतो. हे खरे आहे का, ते तपासण्यासाठी आज मी एक लांबचे उदाहरण घेणार आहे.

२०१९ साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोगाची कारवाई झाली. युक्रेनची लष्करी मदत अडवून ठेवायची आणि आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्याची चौकशी जाहीर करण्यासाठी त्या देशावर दबाव आणायचा, असा आरोप होता. अध्यक्ष सत्तेवर होते आणि चौकशीत सहकार्य करणार नाही, असे त्यांच्या कार्यालयाने लेखी कळवले होते.

जॉन बोल्टन हे सप्टेंबर २०१९ पर्यंत राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार होते. आतली माहिती त्यांच्याइतकी फार थोड्यांना होती. नोकरी सुटलेली, स्वतः वकील, हाताशी नामांकित वकील. प्रतिनिधीगृहाने बोलावले तेव्हा ते गेले नाहीत. एकीकडे संसद, दुसरीकडे अध्यक्ष. कोणाचे ऐकायचे ते न्यायालयाने सांगावे, असे त्यांच्या बाजूचे म्हणणे होते. न्यायालयात महिनेच्या महिने जातील म्हणून प्रतिनिधीगृहानेही समन्स काढले नाही. जानेवारी २०२० मध्ये बोल्टन म्हणाले, सिनेटने समन्स काढले तर साक्ष देईन. ३१ जानेवारीला सिनेटने ५१ विरुद्ध ४९ मतांनी साक्षीदार बोलवायचेच नाहीत असे ठरवले आणि ५ फेब्रुवारीला ट्रम्प निर्दोष सुटले. बोल्टन यांचे पुस्तक जूनमध्ये बाजारात आले.

त्याआधीच्या रशियाविषयक तपासातले एक साक्षीदार होते अध्यक्षांच्या कार्यालयाचे माजी वकील डॉन मॅकगान. संसदेने त्यांना एप्रिल २०१९ मध्ये समन्स काढले. जाऊ नका, असा अध्यक्षांकडून आदेश आला आणि ते गेले नाहीत. सल्लागाराला मोकळेपणाने सल्ला देता यावा म्हणून काही गुप्तता हवी, हा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. पण त्यासाठी हजरच राहायचे नाही, हे न्यायाधीश केतनजी ब्राउन जॅक्सन यांनी मानले नाही. राष्ट्राध्यक्ष म्हणजे राजे नव्हेत, असे त्यांनी निकालात लिहिले. पुढे अपिले चालली. मॅकगान बोलले ते जून २०२१ मध्ये, बंद दाराआड. तोवर ट्रम्प पायउतार झाले होते.

आता दुसरी बाजू पाहा. मारी योव्हानोविच या युक्रेनमधल्या राजदूत. बदनामी करून त्यांना परत बोलावलेले, आणि त्या अजून सरकारी नोकरीत. खात्याने साक्षीला जाऊ नका असे सांगितले. ११ ऑक्टोबर २०१९ रोजी सकाळी प्रतिनिधीगृहाचे समन्स निघाले आणि त्या गेल्या. नोव्हेंबरमध्ये जाहीर साक्ष चालू असतानाच अध्यक्षांनी त्यांच्यावर ट्विटरवरून हल्ला केला. हे घाबरवणारे आहे, असे त्यांनी तिथेच सांगितले आणि साक्ष पूर्ण केली. फिओना हिल या इंग्लंडमधल्या खाणकामगाराची मुलगी. त्या बोल्टन यांच्याच हाताखाली काम करून नुकत्याच बाहेर पडलेल्या. त्यांनीही साक्ष दिली. बाई रागावली की तिचे म्हणणे ‘भावनिक’ ठरवून बाजूला सारले जाते, हेही त्यांनी त्या सभागृहात बोलून दाखवले. आपल्या फिर्यादी बायकांना ठाण्यावर हेच ऐकावे लागते!

यावरून बायका शूर आणि पुरुष भित्रे असा सोपा निष्कर्ष मी काढणार नाही. लेफ्टनंट कर्नल अलेक्झांडर व्हिन्डमन यांनी पदावर असताना साक्ष दिली आणि ट्रम्प सुटल्यावर दोनच दिवसांत त्यांना तिथून हलवण्यात आले. मला दोन गोष्टी दिसतात. एक, पद आणि शिक्षण यांनी भीती जात नाही. गप्प राहण्याची कारणे मात्र अधिक सफाईने मांडता येतात. दुसरी, साक्षीला वेळ असते. निकालानंतरच्या पुस्तकाने इतिहासाला मदत होईल, निकालाला होत नाही.

मग आपण काय करायचे? योव्हानोविच यांच्या हातात समन्स होते, सोबत वकील होते. आपल्या शेजारणीकडे काय असते? सर्वोच्च न्यायालयाने ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मंजुरी दिली. पण त्या योजनेतल्या व्याख्येत गंभीर शिक्षेचे गुन्हे आणि विनयभंगासारखे काही गुन्हे येतात. सासरच्या छळाच्या कलमाला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा. ते त्यात बसत नाही. म्हणजे आपल्या बहुतेक केसेसमधली शेजारीण बाहेरच राहते. ही व्याख्या रुंदावण्याची मागणी आपण लावून धरली पाहिजे.

तोवर काही कामे आपल्या हातातली आहेत. जबाब लवकर नोंदवून घेणे, तारखेला तिच्याबरोबर जाणे, उलटतपासणीत काय विचारतील ते आधी समजावणे, बुडालेल्या रोजाची सोय करणे, आणि साक्षीनंतरही महिनाभर तिच्या दारात जात राहणे. आपल्या केस-पेपरमध्ये फिर्यादी बाईसाठी रकाने असतात. साक्षीदारासाठी एकही नसतो. या शिबिरातून परत गेल्यावर तो रकाना घालू या.