पाय पुरत नसेल तर आधी सीट पुढे घ्या
(कोपरी, ठाणे येथे बचत गटांच्या सदस्यांपुढे केलेल्या बोलण्याचा मजकूर)



आज हप्ते, हिशोब, बँक यातलं काही नाही. आज आपल्या पायांवर बोलायचंय. गाडी चालवताना आपला पाय क्लच, ब्रेक आणि ॲक्सिलरेटरवर नीट पोचतो का, एवढंच.

हा विषय का घेतला ते सांगते. २०१७ साली आजीविका ग्रामीण एक्सप्रेस योजना सुरू झाली. गटातल्या बाईच्या हाती गाडी यावी, तिने गावातली माणसं बाजाराला, दवाखान्याला न्यावीत आणि त्यातून तिला चार पैसे मिळावेत, असा तिचा हेतू. कुणी योजनेतून गाडी घेतं, कुणी बँकेचं कर्ज काढून. पण मी गावात जाते तेव्हा पुष्कळदा काय दिसतं? कर्ज ताईच्या नावावर, सही ताईची, हप्त्याची काळजी ताईला. आणि स्टिअरिंगवर नवरा, दीर नाहीतर रोजावरचा ड्रायव्हर. विचारलं की ताई म्हणते, "शिकायला गेले होते गं. पण कंबर दुखायची, गाडी सारखी बंद पडायची. आपल्याला नाही जमायचं ते."

ताई, जमत नाही असं ठरवण्याआधी एक गोष्ट तपासा. तुमची सीट कुणाच्या मापाची होती?

आपल्या देशातल्या बाईची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटांच्या आसपास. गाड्यांच्या धडक-चाचणीत वर्षानुवर्षं जो पुतळा ड्रायव्हर म्हणून बसवत आले, तो मध्यम बांध्याच्या पुरुषाचा, सुमारे १७५ सेंटिमीटरचा. फरक जवळजवळ नऊ इंचांचा. दुसऱ्याच्या मापाचा ब्लाउज घातला आणि तो बसला नाही, तर आपण अंगाला दोष देतो का? टाके उसवतो, माप बदलतो. गाडीचंही तसंच आहे.

आता पेडलचं बघा. डावीकडे क्लच, मध्ये ब्रेक, उजवीकडे ॲक्सिलरेटर. डावा पाय फक्त क्लचला. उजवा पाय ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्हीला, म्हणजे एका वेळी दोन्हींपैकी एकच दाबला जातो. लहान गाडीत उजव्या चाकाचा फुगवटा पायांच्या जागेत आत येतो, म्हणून तिन्ही पेडल थोडी डावीकडे सरकलेली असतात. अंग समोर आणि पाय तिरके, असं बसावं लागतं. त्यात सीट मागे असली तर क्लच दाबताना कंबर पुढे घसरते. दिवसभरात शेकडो वेळा तसं झालं की कंबर दुखणारच. त्यात तुमचा काही दोष नाही.

बसायची पद्धत सांगते. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला.

एक. पाठ आणि कंबर सीटला पूर्ण टेकवा. डाव्या पायाच्या चवड्याने क्लच अगदी तळापर्यंत दाबा. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाय सरळ ताठ झाला किंवा कंबर सीटवरून सुटली, तर सीटखालचा दांडा ओढून सीट पुढे घ्या. पुन्हा दाबून बघा. शेवटी खटका नीट बसलाय ना, हे सीट हलवून पाहा.

दोन. उजवी टाच जमिनीवर, ब्रेकच्या समोर. तिथूनच चवडा उजवीकडे वळवला की ॲक्सिलरेटर. ब्रेकचं पेडल थोडं उंच असतं, त्यासाठी पाय उचलावा लागला तर उचला. गाडी उभी असताना वीस वेळा हा सराव करा. खाली न बघता पाय ब्रेकवर गेला पाहिजे.

तीन. मग पाठीचा टेका. खांदे टेकलेले ठेवून हात लांब केला की मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर यावं. छाती आणि स्टिअरिंगमध्ये निदान दहा इंच अंतर हवं. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत ड्रायव्हरसमोर एअरबॅग सक्तीची आहे. ती फार जोरात उघडते, म्हणून स्टिअरिंगला चिकटून बसायचं नाही. सीट पुढे घेतल्यावर अंतर कमी पडलं, तर टेका थोडा मागे न्या.

चार. समोरचा रस्ता दिसत नसेल आणि सीट वर उचलायची सोय असेल, तर ती वापरा. सोय नसेल तर घट्ट, न घसरणारी बैठक घ्या. मऊ उशी नको, ब्रेक मारताना ती सरकते. उंची बदलली की क्लचची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

पाच. आरसे आणि सीटबेल्ट सगळ्यात शेवटी. सीट हलली की आरशात दिसणारंही बदलतं.

क्लच सोडला की डावा पाय पेडलवरून काढून बाजूला जमिनीवर ठेवा. तो तिथेच टेकवून ठेवायची सवय लागली तर पोटरी भरून येते आणि क्लचप्लेट लवकर झिजते. तो खर्च शेवटी तुमच्याच धंद्यातून जातो.

आता पायात काय घालायचं? सैल चप्पल नको, ती पेडलखाली अडकते. उंच टाच नको. मागे पट्टा असलेली, पातळ तळाची सँडल किंवा कॅनव्हासचे बूट चांगले. काढलेली चप्पल स्वतःच्या सीटखाली ठेवू नका, घसरत पुढे येते. पाण्याच्या बाटलीचंही तेच. ती ब्रेकखाली गेली तर ब्रेक दाबलाच जाणार नाही. पावसाळ्यात पायाखाली वर्तमानपत्र टाकतात, मॅटवर दुसरी मॅट टाकतात, ते ड्रायव्हरच्या बाजूला नको. साडी असेल तर निऱ्या वर खोचा, टाचेखाली येता कामा नयेत. ओढणी मागे बांधा.

चढाचंही सांगते. तीन हात नाक्याकडून मुलुंडच्या बाजूला जाताना इथला कोपरीचा रेल्वे पूल लागतो. गर्दीच्या वेळी चढावरच थांबावं लागलं की नवशिकी ताई घाबरते, गाडी मागे जाईल म्हणून अर्धा क्लच धरून ठेवते. तसं करू नका, पाय थरथरतो आणि प्लेट जळते. थांबलात की हँडब्रेक ओढा, पायाला विश्रांती द्या. निघताना पहिला गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि क्लच हळू सोडा. इंजिनाचा आवाज बदलला, गाडी पुढे ओढू लागली, की मग हँडब्रेक खाली. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू दे.

शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच-ब्रेक असतात. तुमच्याऐवजी तोच दाबत राहिला, तर तुमचा पाय पुरतोय की नाही हे तुम्हाला कळतच नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सांगा, "दादा, मी सीट लावून घेते, मग निघू. आणि धोका नसेल तेव्हा क्लच मलाच दाबू द्या." पाच मिनिटं जातील. फी तुम्ही भरलीय, ती पाच मिनिटं तुमची आहेत.

जून २०२३ मध्ये अर्चना अत्राम यांनी सासवड ते नीरा एसटी चालवली. एसटीच्या सुरुवातीच्या महिला चालकांपैकी त्या एक. एवढी मोठी बस बाई चालवते, तर आपली लहान गाडी आपल्याला जड नाही.

एवढं करूनही गुडघा दुखत राहिला तर डॉक्टरांना दाखवा. आणि एखाद्या गाडीत सीट पुढे सरकूनही पाय पुरत नसेल, तर ती गाडी तुमच्यासाठी घेऊच नका. गाडी घ्यायच्या आधी रंग आणि किंमत बघता, तसंच चालवणारीने आत बसून क्लच दाबून बघायचा. नवऱ्याने बसून बघितलेलं चालणार नाही.

पुढच्या मासिक बैठकीला गावातली एखादी गाडी अंगणात उभी करा. इंजिन बंदच राहू द्या. प्रत्येकीने एकदा आत बसायचं, सीट स्वतःच्या मापाला लावायची. "नाही जमायचं" म्हणून शिकणं सोडलेल्या तायांना आधी बसवा. पाय पोचला की त्या स्वतःच पुढचं विचारतील.